घरचा आड, गल्लीचा नळ आणि कर्करोगाचा नवा उपचार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत नाट्यप्रवेश, भावगीते आणि स्नेहभोजन यांच्या पंक्तीला कर्करोगासारखा विषय कशाला आणून बसविला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. त्यास आमचे उत्तर असे की, ज्या संस्थेने पन्नास वर्षे पाहिली, तिच्या जुन्या सभासदांच्या यादीत पुष्कळ नावांमागे 'कै.' ही अक्षरे लागलेली असतात आणि त्यांतील एखादी व्यक्ती कशाने गेली असे विचारले, की सांगणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. "तो आजार होता," एवढेच उत्तर मिळते. आजाराचे नाव घेतले जात नाही. आजचे आमचे सारे बोलणे वस्तुतः या खाली येणाऱ्या आवाजाविषयी आहे. परंतु तेथे पोहोचण्यासाठी थोडी विज्ञानाची वाट तुडवावी लागेल. आम्ही वैद्य नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या कार्यालयात आलो आणि फायलींतच रमलो. म्हणून जे आम्हांस समजले तेवढेच आणि ज्या भाषेत समजले त्याच भाषेत मांडणार आहोत.

कर्करोगाच्या उपचारातील मूळ अडचण अशी की, येथे शत्रू परका नाही. विषमज्वराचा जंतू आपल्या शरीराच्या पेशींहून सर्वस्वी वेगळा असतो. त्याला मारील आणि आपल्याला वाचवील असे औषध शोधणे त्यामानाने सोपे. कर्करोगाची पेशी मात्र आपलीच असते, आपल्याच घरात वाढलेली, केवळ मर्यादा सोडून वागू लागलेली. तिला मारणारे औषध आपल्या इतर पेशींनाही सोडत नाही. रसायनोपचाराने केस गळतात, तोंड येते, रक्तातील पेशी घटतात, याचे कारण हेच. भराभर विभागणारी प्रत्येक पेशी त्या औषधाला सारखीच दिसते. तेव्हा संशोधकांपुढील प्रश्न असा होता, की आप्त आणि अनाप्त यांतील फरक औषधाला कळावा तरी कसा?

या प्रश्नाच्या एका उत्तराचा उगम कोठे असावा? फळांवर घोंघावणाऱ्या माशीत! मलिहाबादच्या दसेरीचा हंगाम आला की आपल्या स्वयंपाकघरांत ज्या बारीक माश्या जमतात, त्यांच्याच जातभाईंवर अमेरिकेतील शास्त्रज्ञ आनुवंशिकतेचे प्रयोग करीत असत. १९२२ साली कॅल्व्हिन ब्रिजेस यांना असे आढळले, की माशीमधील एक जनुकीय दोष एकटा असेल तर माशी जगते, दुसरा एकटा असेल तरीही जगते, परंतु दोन्ही एकाच माशीत एकत्र आले की ती मरते. १९४६ साली थिओडोसियस डॉब्झान्स्की यांनी या प्रकाराला 'सिंथेटिक लीथॅलिटी' असे नाव दिले. येथे 'सिंथेटिक' म्हणजे कृत्रिम धाग्याचे कापड नव्हे. दोन गोष्टींच्या संयोगाने घडणारे, असा त्याचा अर्थ. म्हणून आम्ही त्यास 'संयोगजन्य मारकता' म्हणतो. दोन निरुपद्रवी गोष्टी भेटल्या की प्राणघातक ठरतात, एवढेच त्याचे तात्पर्य.

ही कल्पना नीट समजावी म्हणून एक घरगुती दृष्टान्त घेऊ. पुण्या-नाशिकच्या जुन्या वाड्यांत वाढलेल्या मंडळींना आठवेल की, चौकात आड असे आणि पुढे गल्लीत नगरपालिकेचा नळही आला. पाण्याच्या दोन वाटा झाल्या. आता समजा, एका घराचा आड कोरडा पडला. त्या घराचे काही अडत नाही, नळावर भागते. बाहेरून पाहणाऱ्याला या घरात आणि शेजारच्या घरात काही फरक दिसत नाही. अशा वेळी नगरपालिकेने साऱ्या गल्लीचा नळ चार दिवस बंद केला तर? इतर घरे कुरकुरतील, पण आडाचे पाणी शेंदून दिवस काढतील. ज्या घरचा आड आटला आहे तेथे मात्र चूल पेटणार नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? ध्यानात घ्यावे की, नळ बंद करणाऱ्याने कोणाचे घर निवडले नव्हते. त्याने सर्वांचाच नळ बंद केला. निवड त्या घराच्या आधीच्याच उणिवेने केली.

कर्करोगाच्या पेशीत असे आटलेले आड पुष्कळ असतात. किंबहुना अनेक जनुके बिघडल्याशिवाय ती पेशी कर्करोगाची होतच नाही. मग तिच्या बिघाडाचाच तिच्याविरुद्ध उपयोग का करू नये? १९९७ साली सिएटल येथील ली हार्टवेल आणि त्यांचे सहकारी यांनी ही दिशा स्पष्ट शब्दांत मांडली. स्वतः हार्टवेल यांनी यीस्टसारख्या साध्या जीवावर आयुष्यभर काम केले होते आणि २००१ चे नोबेल पारितोषिक त्यांना पेशीविभाजनावरील त्याच कामासाठी मिळाले. परंतु औषध करावयाचे तर नेमका कोणता आड आटला आहे, हे ठाऊक हवे. त्याचे उत्तर घराण्यांच्या अभ्यासातून आले आणि या अभ्यासाच्या इतिहासात मराठी माणसांचे पाऊलही उमटलेले आहे.

मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथे प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. कर्करोग कोणाला, कोठे आणि कोणत्या चालीरीतीमुळे होतो, हे पाहण्याची दृष्टी त्यांनी या देशात रुजविली. घट्ट कसलेल्या धोतराच्या काठाने कमरेवर वर्षानुवर्षे घर्षण होऊन होणारा त्वचेचा कर्करोग त्यांनी आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ साली जगापुढे मांडला. त्याच लेखात, आपल्या या प्रांतात जिचे प्रस्थ आजही ओसरलेले नाही, त्या खैनीने होणाऱ्या ओठाच्या कर्करोगाचाही विचार होता.

खानोलकरांच्या हाताखाली तयार झालेल्या डॉ. कमल रणदिवे यांचे नाव प्रत्येक मराठी घरात ठाऊक असावयास हवे. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या या विदुषी माहेरच्या समर्थ. वडील दिनकरराव फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. हुजूरपागेतून आणि फर्ग्युसनमधून शिक्षण घेऊन त्यांनी सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांवर एम.एस्सी. चा प्रबंध लिहिला. विवाहानंतर त्या मुंबईस आल्या आणि १९४९ साली कर्करोगाच्या संशोधनावर त्यांनी पीएच.डी. मिळविली. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शरीराबाहेर पेशी वाढविण्याची विद्या शिकून त्या परतल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. देशातील या प्रकारची ती पहिली समजली जाते. स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकतेचा, संप्रेरकांचा आणि विषाणूंचा वाटा किती, हे उंदरांच्या निरनिराळ्या वंशांवरून पाहण्यात त्यांनी पुष्कळ वर्षे घालविली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. २००१ साली त्या निवर्तल्या. कर्करोगाचा आणि वंशपरंपरेचा संबंध फारशा कोणाच्या ध्यानीमनी नव्हता त्या काळात एक पुणेकर स्त्री त्याचा शोध घेत होती, हे आम्हांस अभिमानास्पद वाटते.

माणसातील नेमके जनुक मात्र पुढे सापडले. अमेरिकेतील मेरी-क्लेअर किंग यांनी ज्या घराण्यांत स्तनाचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या तरुण वयात होत असे, अशा घराण्यांचे वंशवृक्ष तपासून १९९० साली दाखविले की दोष सतराव्या गुणसूत्रावर आहे. १९९४ साली ते जनुक प्रत्यक्ष हाती लागले. त्यास बीआरसीए-१ म्हणतात. पुढच्याच वर्षी त्याचे भावंड बीआरसीए-२ सापडले. या जनुकांचे काम काय? आपल्या आनुवंशिक द्रव्याचा, म्हणजे डीएनएचा, दोर दोन पदरांचा असतो आणि तो प्रत्येक पेशीत दररोज हजारो ठिकाणी झिजतो, तुटतो. एकच पदर तुटला तर 'पार्प' नावाचे प्रथिन धावून येते आणि दुरुस्ती करविते. दोन्ही पदर तुटले तर दुखणे मोठे. तेथे ही बीआरसीए मंडळी लागतात. दोराची दुसरी शाबूत प्रत समोर ठेवून, मूळ मसुद्यावरून फाटलेला कागद पुन्हा लिहून काढावा, तशी ती अचूक दुरुस्ती करतात.

आता दृष्टान्त पुरा होतो. बीआरसीए हा आड, पार्प हा नळ. आपल्याला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. ज्या व्यक्तीस एक सदोष प्रत वारशाने आली, तिच्या शरीराचे काम दुसऱ्या प्रतीवर ठीक चालते. परंतु एखाद्या पेशीत आयुष्याच्या ओघात ती दुसरीही प्रत गेली, की आड आटतो, दुरुस्ती ओबडधोबड होऊ लागते, चुका साठतात आणि पुढे कर्करोग उभा राहतो. अशा रोग्यास पार्पला रोखणारे औषध दिले तर काय होईल? एका पदरातील तुटी तशाच राहतील. पेशी विभागण्यासाठी दोराची नक्कल करू लागली, की त्यांचे दोन्ही पदरांच्या तुटीत रूपांतर होईल. निरोगी पेशी आपल्या उरलेल्या चांगल्या प्रतीवर ती निस्तरतील. कर्करोगाच्या पेशीला ती निस्तरता येणार नाही आणि ती मरेल. ही औषधे आणखीही एक गोष्ट करतात. दुरुस्तीस आलेल्या पार्पला ती जागच्या जागी खिळवून ठेवतात. रस्ता दुरुस्त करावयास आलेली गाडीच खड्ड्यात अडकावी आणि वाहतूक खोळंबावी, तसा हा प्रकार.

२००५ साली इंग्लंडमधील दोन निरनिराळ्या गटांनी, एक शेफील्डचा आणि दुसरा लंडनचा, 'नेचर' या नियतकालिकाच्या एकाच अंकात हे प्रयोगाने सिद्ध केले. बीआरसीए बिघडलेल्या पेशी पार्परोधक औषधाने पटापट मेल्या, धडधाकट पेशींना फारसे काही झाले नाही. या जातीचे पहिले औषध ओलापॅरिब. त्यास युरोपात व अमेरिकेत डिसेंबर २०१४ मध्ये मान्यता मिळाली. ब्रिजेस यांच्या माशीपासून रोग्याच्या हातातील गोळीपर्यंत ब्याण्णव वर्षे गेली. 'या माशीचा काय उपयोग?' असा शेरा मारून कोणी ती फाइल मध्येच बंद केली असती, तर हे औषध निघाले नसते. आमच्यासारख्या शेरे मारणाऱ्यांनी हे विशेष ध्यानी धरण्यासारखे आहे.

औषधाचा गुण किती, हे आकड्यांनीच सांगणे बरे. बीजांडकोशाचा कर्करोग बहुधा उशिरा कळतो आणि रसायनोपचाराने माघारला तरी पुष्कळदा परत येतो. हा रोग पुढच्या अवस्थेत असलेल्या आणि बीआरसीए दोष असलेल्या ३९१ स्त्रियांवर एक चाचणी झाली. रसायनोपचार लागू पडल्यावर त्यांच्यापैकी काहींना दोन वर्षे ओलापॅरिब दिले, इतरांना औषधासारखी दिसणारी साधी गोळी दिली. तीन वर्षांनी, औषध घेतलेल्यांपैकी १०० मधील सुमारे ६० जणींचा रोग उलटला नव्हता. दुसऱ्या गटात हे प्रमाण सुमारे २७ होते. सात वर्षांनी पहिल्या गटातील ६७ टक्के हयात होत्या, दुसऱ्या गटातील ४६.५ टक्के. स्तन, स्वादुपिंड आणि प्रोस्टेट यांच्या कर्करोगातही, योग्य जनुकीय दोष असेल तर, ही औषधे आता वापरली जातात. प्रोस्टेटचा उल्लेख आम्ही मुद्दाम करीत आहोत. हा केवळ स्त्रियांचा प्रश्न नव्हे, हे पुरुषमंडळींनी ऐकून ठेवावे.

परंतु हे औषध म्हणजे रामबाण, अशी समजूत करून घेऊन कोणी येथून जाऊ नये. पहिली गोष्ट, ज्याचा आड भरलेला आहे त्याचा नळ बंद करून काही साधत नाही. दोष नसलेल्या बहुसंख्य रोग्यांना या युक्तीचा असा लाभ होत नाही. दुसरी, कर्करोगाची पेशी मोठी खटपटी. औषधाच्या माऱ्यात काही पेशींच्या बिघडलेल्या जनुकात पुन्हा असा बदल होतो की ते काम देऊ लागते. म्हणजे आटलेला आड त्या पुन्हा खणून काढतात आणि औषध निष्प्रभ ठरते. तिसरी, मळमळ, थकवा, रक्तक्षय हे त्रास होतात आणि क्वचित पुढे रक्ताचा कर्करोगही उद्भवतो. चौथी, किंमत. महिनोन्‌महिने घ्यावयाचे औषध मध्यम स्थितीच्या घराला खिळखिळे करू शकते. आपल्या देशात तयार होणाऱ्या स्वस्त गोळ्यांनी हा भार हलका होऊ लागला आहे, परंतु तो उतरला असे म्हणण्याची वेळ अद्याप आलेली नाही.

संशोधक अर्थातच एका जोडीवर थांबलेले नाहीत. काही आतड्यांच्या कर्करोगांत दुरुस्तीचा एक निराळाच विभाग बंद पडलेला असतो. अशा पेशी 'डब्ल्यूआरएन' नावाच्या प्रथिनावाचून जगू शकत नाहीत, असे २०१९ साली अनेक प्रयोगशाळांना आढळले. दुसरे उदाहरण तर मोठे गमतीचे. कर्करोग होताना पेशी आपल्यावरचा एक पहारेकरी-जनुक पाडून टाकते, तेव्हा शेजारचे 'एमटॅप' नावाचे निरपराध जनुकही पुष्कळदा त्याच्याबरोबर पडते. शेजाऱ्याची भिंत पाडताना आपलीही पडावी, तसे. त्या पडझडीमुळे पेशी 'पीआरएमटी-५' नावाच्या प्रथिनावर अधिक अवलंबून राहते आणि तेथेच तिला गाठणाऱ्या औषधांच्या चाचण्या चालू आहेत.

आपल्या लखनौस या साऱ्याचे अप्रूप वाटण्याचे कारण नाही. गोमतीकाठच्या छत्तर मंझिलमध्ये १९५१ साली केंद्रीय औषधी संशोधन संस्थेचे उद्घाटन झाले आणि नवाबांच्या महालात परीक्षानळ्या आल्या. आता ती संस्था जानकीपुरम विस्तारात आहे. शरीरातील एकाच प्रकारच्या ग्राहकाला नेमके गाठणारी, 'सहेली' या नावाने घरोघर माहीत झालेली संततिनियमनाची गोळी याच संस्थेत जन्मली. रायबरेली रस्त्यावरील संजय गांधी संस्थेत वैद्यकीय आनुवंशिकीचा स्वतंत्र विभाग आहे. ज्या शहरात भातखंडे यांनी १९२६ साली संगीताचे विद्यालय उभारून घराण्यांच्या चिजा लेखी स्वरूपात सर्वांपुढे आणल्या, त्या शहरात आणखी एका प्रकारचे घराणे उलगडण्याची सोय झाली आहे.

आणि येथे आम्ही आरंभी म्हटलेल्या त्या खाली येणाऱ्या आवाजाकडे वळतो. हे औषध कोणाला द्यावे, हे जनुकाच्या तपासणीवरून ठरते. तपासणी कोणाची करावी, हे बहुधा घरातील आजारांच्या इतिहासावरून ठरते. आणि तो इतिहास सांगावयाचा कोणी? स्तनाच्या कर्करोगांपैकी ढोबळमानाने पाच ते दहा टक्केच वारशाने येणाऱ्या दोषाचे असतात, तेव्हा प्रत्येक घराने घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु ज्या घरात तो दोष आहे, तेथे तो प्रत्येक अपत्याकडे जाण्याचा संभव निम्मा. मुलगा असो वा मुलगी. पाश्चात्य घराण्यांच्या एका मोठ्या अभ्यासात, असा दोष असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे सत्तर टक्के स्त्रियांना ऐंशी वर्षांच्या वयापर्यंत स्तनाचा कर्करोग झाल्याचे दिसले.

आपल्याकडे आनुवंशिक म्हटले की आई, मावशी, आजी एवढ्यांचीच चौकशी होते. वस्तुतः वडिलांकडून येणारा वारसा तितकाच खरा. आत्याचा आजार मावशीच्या आजाराइतकाच महत्त्वाचा. पण आत्या लग्न होऊन गेली, तिचे आडनाव बदलले, पुष्कळदा पाळण्यातले नावही बदलले आणि ती 'दुसऱ्या घरची' झाली. तिचा आजार आपल्या घराच्या हिशेबातून वगळला गेला. आपण मराठी माणसे कुलवृत्तांत छापण्यात पटाईत. मूळ पुरुष कोण, गोत्र कोणते, कोण कोठे मामलेदार होता, सारे त्यांत सापडते. परंतु जुन्या कुलवृत्तांतांत लेकींना दोन ओळींपलीकडे जागा नाही आणि कोण कोणत्या वयात कशाने गेले, याचे रकाने तर बहुधा नाहीतच.

हे मौन का, ते आपण सारे जाणतो. घरात उपवर मुली असतात. 'त्यांच्याकडे तो आजार आहे' असे एकदा कानोकानी झाले की स्थळे परततात, ही भीती खोटी नाही आणि तिला हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु दोन पारडी समोर ठेवून पाहावी. एका पारड्यात लोकापवाद. दुसऱ्यात, जी मुलगी वेळीच सावध झाली असती, नियमित तपासणी करून घेऊ शकली असती, किंवा आजार झालाच तर ज्या औषधाने तिची वर्षे वाढली असती, ती मुलगी. पूर्वी हा दोष कळून फारसे काही करता येत नव्हते, म्हणून झाकणे एक वेळ समजण्याजोगे होते. आज तोच दोष औषधाचे दार झाला आहे. दार झाकून ठेवणे आता परवडणारे नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक कुटुंबाने एक वही करावी. ती छापण्यासाठी नव्हे, मंडळात वाचण्यासाठीही नव्हे, तर घरापुरती. तीत आईकडच्या आणि वडिलांकडच्या तीन पिढ्यांची नावे लिहावी, लेकींची माहेरच्या नावासह. कोणास कोणत्या अवयवाचा कर्करोग झाला आणि कोणत्या वयात, एवढे नोंदवावे. पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग, कोणत्याही वयात बीजांडकोशाचा, पुरुषास स्तनाचा कर्करोग, किंवा एकाच बाजूला दोन-तीन जणांस असे आजार, यांपैकी काही आढळले तर ती वही घेऊन तज्ज्ञांकडे जावे. तपासणीचा निर्णय त्यांच्याशी बोलूनच घ्यावा, कारण कधीकधी अहवालात अर्थ न लागणारा बदलही निघतो आणि त्यावरून कोणतेही टोकाचे पाऊल उचलणे योग्य नव्हे. दोष निघाला तरी ती व्यक्ती रोगी ठरत नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांनी सर्वांत आधी समजून घ्यावे आणि सुनेच्या बाबतीत ते दुप्पट समजून घ्यावे.

घरोघरच्या या वह्या लिहिण्याचे काम अर्थातच घरातील आजींवाचून होणार नाही. कोण कधी आणि कशाने गेले, हे आज केवळ त्यांनाच ठाऊक आहे. सभागृहात पहिल्या रांगेत बसलेल्या ज्येष्ठ भगिनींना आमची नम्र विनंती आहे की, नातवंडांनी विचारले तर आवाज खाली न आणता सांगावे. विचारले नाही, तर स्वतःहून सांगावे.